गिअरबॉक्सचं तेल घरी बदलताना

इंजिनमधल्या तेलाचा दाब घटला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ब्रेकचं तेल कमी झालं तरी दिवा लागतो. साध्या मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्सला मात्र असा कुठलाही दिवा नसतो आणि बहुतेक गाड्यांत तेल मोजायची पट्टीही नसते. त्यामुळे हे तेल विसरलं जातं. वर्षाच्या वर्षाला इंजिन ऑइल आणि फिल्टर न चुकता बदलून घेणाऱ्यांनाही गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही. गिअर खरडायला लागला, दुसरा गिअर ओढून टाकावा लागायला लागला, की मग गॅरेजची पायरी चढायची. तोवर आतल्या पितळी रिंगा झिजून गेलेल्या असतात आणि नव्या तेलाने त्या भरून येत नाहीत.

ज्याला चाक बदलता येतं, पाना नीट धरता येतो आणि घाई नाही, त्याला हे काम घरी जमतं. एक समज मात्र आधीच दूर केला पाहिजे. गिअरबॉक्सची ‘सफाई’ म्हटलं की जुनं तेल काढून आत रॉकेल किंवा डिझेल ओतायचं, गाडी थोडी फिरवायची आणि मग नवं तेल भरायचं, असं अजूनही सांगितलं जातं. हे करू नका. रॉकेलला गिअरच्या दातांमधला दाब पेलत नाही, त्यामुळे त्या थोड्या वेळातही धातूवर धातू घासतो. तळाला निवांत बसलेला गाळ सुटून बेअरिंगमध्ये शिरतो. रॉकेल पुरतं बाहेरही येत नाही, कोनाकोपऱ्यांत राहतं आणि नवं तेल पातळ करतं. गिअरबॉक्स आतून धुवायची वस्तू नाही. जुनं गरम तेल पूर्ण निथळू देणं, चुंबक पुसणं आणि योग्य तेल योग्य पातळीपर्यंत भरणं, एवढीच तिची सफाई. या लेखात तेवढंच सांगायचं आहे, पण नीट.

इंजिनसारखं इथे काही जळत नाही, म्हणून हे तेल काजळीने काळं होत नाही आणि बरीच वर्षं टिकतं. पण मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बहुधा फिल्टर नसतो. दात एकमेकांवर घासून निघालेली धातूची पूड आतच फिरत राहते. तिच्यासाठी असतो तो ड्रेन प्लगवरचा किंवा तळाशी बसवलेला छोटा चुंबक. वर्षानुवर्षं दातांमध्ये चिरडलं गेल्याने तेलाचा दाटपणाही उतरतो आणि त्यात घातलेली रसायनं संपत जातात. किती किलोमीटरला बदलायचं, याचं उत्तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकातच शोधा, कारण कंपनीगणिक आकडा वेगळा आहे. साधारण ४० हजार ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान तो सापडतो. सतत घाटातून, पूर्ण भरलेली किंवा मागे ट्रॉली लावलेली गाडी चालत असेल, तर त्यातला अलीकडचा आकडा धरावा.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

तेल बदलायला बसण्याआधी पाच मिनिटं घालवून एक तपासणी करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून तेच पुन्हा करा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडकतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. केबलचा क्लच असेल तर केबल ताणली गेली असेल, हायड्रॉलिक असेल तर त्याच्या तेलात हवा शिरली असेल किंवा सिलिंडर गळत असेल. गिअरबॉक्सचं तेल बदलून इथे काही होणार नाही. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड जात असेल, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबली आणि त्यांचे बुश बघा.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घूं घूं आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगकडे संशय जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग संपत आलं आहे. चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर आतले भाग झिजलेत किंवा गिअरबॉक्सची माउंटिंग गेली आहेत. ही कामं घरची नव्हेत. रिव्हर्स टाकताना मात्र थोडा खरडल्याचा आवाज आला म्हणून घाबरू नका. अनेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोनतीन सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, आवाज येणार नाही.

तेल कोणतं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुकानात जाऊन ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की नव्वद नंबरचं ऑइल हातात पडतं. जुन्या जीप, ट्रक, ट्रॅक्टर यांच्या काळापासूनची ती सवय आहे. आजच्या छोट्या गाडीला ते तेल बहुधा चालत नाही.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली दाटपणाची: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५, ७५डब्ल्यू-९० असं काहीतरी. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ७५डब्ल्यू-९० हे गिअर ऑइल गरम असताना साधारण ४० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलं असताना ‘जरा दाट टाकू, टिकेल जास्त’ म्हणून ८०डब्ल्यू-९० भरलं, तर सकाळी थंड गाडीत पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना लिव्हर अडखळेल. नाशिक, जुन्नर किंवा महाबळेश्वरच्या थंडीत हे लगेच जाणवतं.

दुसरी गोष्ट दर्जाची: जीएल-४ की जीएल-५. पाचचा आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं, असा सरळ हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे. जीएल-५ तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जास्त असतात. मागच्या अॅक्सलमधल्या डिफरन्शियलचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांच्यावरचा प्रचंड दाब पेलायला ती लागतात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा मात्र अनेकदा पितळेच्या असतात आणि ही रसायनं पितळेला बाधू शकतात. शिवाय सिंक्रो रिंगेचं काम घर्षणावर चालतं. गिअर बदलताना ती रिंग गिअरच्या उतरत्या कडेवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दात दातांत बसतात. तेल नको इतकं निसरडं असेल तर रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर खरडतो. म्हणून पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घ्या. काही डब्यांवर दोन्ही दर्जे एकत्र छापलेले असतात. तुमच्या गाडीसाठी तेल बनवणाऱ्याने स्पष्ट शिफारस केली असेल तरच असा डबा घ्या.

बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत दोन वेगळे डबे असतात: पुढे गिअरबॉक्स, मागे डिफरन्शियल. दोन्हींचं तेल वेगळं, भोकं वेगळी, मापंही वेगळी. गावाकडे दोन्हीकडे एकच तेल भरलेलं पुष्कळदा आढळतं. डिफरन्शियलला जीएल-५ हवंच, गिअरबॉक्सचं पुस्तकात बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, तिथे एकच तेल.

याहून वेगळं सांगणाऱ्या कंपन्याही आहेत. होंडाच्या अनेक मॅन्युअल गाड्यांना कंपनीचं स्वतःचं खास तेल लागतं, जे नेहमीच्या गिअर ऑइलपेक्षा पातळ असतं. सारांश, शेजाऱ्याच्या गाडीत चाललं म्हणून आपल्या गाडीत चालेल असं नाही. छोट्या गाडीला साधारण दोन लिटर किंवा थोडं अधिक तेल लागतं. अर्धा लिटर जास्तीचं आणा, कारण पहिल्या वेळी थोडं सांडतंच. तेलासोबत ड्रेन आणि फिलर प्लगचे नवे वॉशरही घ्या. काही रुपयांचे ते वॉशर वाचवून पुढे वर्षभर थेंब थेंब गळती पाहण्यात अर्थ नाही.

बाहेरची सफाई

गिअरबॉक्सच्या बाहेर बसलेला थर काढणं ही अर्धी तपासणीच आहे. कोकणातली तांबडी माती, मराठवाड्यातली चिकट काळी माती गिअरबॉक्सवर थरावर थर बसते. तेल कुठून येतंय ते त्या थराखाली दिसत नाही, आणि प्लग उघडताना तीच माती आत पडते.

सफाई थंड गाडीवर करा. लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने जाड थर काढा, मग ब्रश आणि ग्रीस काढणारं द्रावण. बाहेरून ब्रशने थोडं रॉकेल लावायला हरकत नाही, मात्र आसपास विडी-काडी नको आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. गिअरबॉक्सलगत स्टार्टर असतो आणि त्याच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही वीज असते. तिथे ब्रश चालवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. प्रेशरच्या पाण्याची धार गिअरबॉक्सवर जवळून मारू नका. ऑइल सील, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि ब्रीदर यांच्यातून पाणी आत जातं.

या ब्रीदरकडे फार कमी लोक बघतात. गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा वाकडी नळी असते. आतलं तेल तापलं की हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती टोपी मातीने बुजली तर आत दाब साठतो आणि तेल सीलच्या कडेतून ढकललं जातं. मग सील गेलं म्हणून सील बदलतात, महिन्याभरात गळती पुन्हा सुरू होते. म्हणून सीलला हात लावण्याआधी ब्रीदर मोकळा आहे ना, टोपी बोटाने फिरते ना, ते बघा.

स्वच्छ झाल्यावर गाडी दोनचार दिवस नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा खाली वाकून बघा. धूळ चिकटून ओला पट्टा जिथे उमटेल, तिथे गळती आहे. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या मुळाशी ओल असेल तर त्या बाजूचं ऑइल सील बदलायला झालं. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर शाफ्टचा रबरी बूट फाटला आहे. तो लगेच बदला, नाहीतर धूळ जाऊन सांधाच खराब होईल. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे तळाशी ओल असेल, तर बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. कोणतं सील गेलं हे त्यावरून कळतं. तिथलं सील बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे ते गॅरेजचंच काम.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग सक्तीचा आहे. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यासाठी दिलेला असतो. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. जॅक घसरला तर बाहेर सरकायला वेळ मिळत नाही. गाडीच्या वजनाला पुरतील असे लोखंडी स्टँड घ्या, ते पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा आणि गाडी हाताने जोर लावून हलवून बघा. विटांचे थर, सिमेंटचे ब्लॉक, लाकडाचे ओंडके चालणार नाहीत. ब्लॉक भार पडताच फुटतो. अंगणात माती असेल तर स्टँडखाली जाड फळी हवी. खाली राहिलेल्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा. आणि घरात कुणी नसताना एकट्याने हे काम करू नका.

अडचण अशी की तेलाची पातळी बरोबर भरायला गाडी चारही बाजूंनी सपाट लागते. पुढून उचललेली आणि मागून खाली असलेली गाडी पातळी चुकवते. चार स्टँड लावायचे, नाहीतर खड्डा किंवा रॅम्प शोधायचा. तालुक्याच्या गावीसुद्धा गाड्या धुण्याच्या सेंटरवर रॅम्प असतो. ओळखीने किंवा थोडे पैसे देऊन दुपारच्या रिकाम्या वेळी तो तासभर वापरू देतात. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये स्टँडवर गाडी चढवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. अनेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या चाकाकडे असतो, तिथलं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढलं की प्लग हाताशी येतो.

आधी वरचा प्लग

गाडी दहापंधरा मिनिटं चालवून आणा. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि सोबत गाळ घेऊन निघतं. सायलेन्सरचा पाइप मात्र तापलेला असतो, थोडं थांबा. हातमोजे घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. आधी तेल भरायचा वरचा प्लग उघडा, मग खालचा. खालचा आधी उघडून तेल सांडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेलाविना गाडी जागेवर अडकून पडते, तिला ओढूनच न्यावं लागतं. वरचा निघत नसेल तर गंज सुटायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. प्लगच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा. समुद्रकाठच्या गाड्यांत ही वेळ हमखास येते. नेमक्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. अॅडजस्टेबल पान्याने डोकं गोल होतं आणि मग तो प्लग कुणालाच निघत नाही. काही प्लगना आत चौकोनी किंवा षटकोनी खाच असते, तिच्यातली माती टोचून काढा म्हणजे चावी पूर्ण आत बसेल. गाडी स्टँडवर असताना पान्याला लांब पाइप लावून झटके देऊ नका. तेवढ्यानेही प्लग सुटला नाही तर नाद सोडा आणि गॅरेजला जा. आत तेल आहे तोवर गाडी चालते आहे.

वरचा निघाल्यावर खाली पसरट टब ठेवून खालचा प्लग काढा. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि प्लग पटकन बाजूला घ्या, नाहीतर तो टबात पडतो. पहिली धार लांब उडते, टब त्या हिशेबाने ठेवा. मग पंधरा-वीस मिनिटं काही करू नका. धारेचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढलं, की झालं.

हा वेळ प्लग बघण्यात घालवा, कारण गिअरबॉक्सच्या आत काय चाललं आहे हे न उघडता सांगणारी ही एकच वस्तू आहे. चुंबकावर काळपट राखाडी लेप बसलेला असतो. चिमटीत घेऊन चोळा. गुळगुळीत लागला, बोटांवर चकाकी उतरली पण काही टोचलं नाही, तर ती नेहमीची झीज आहे. पहिल्यांदाच तेल बदलत असाल तर लेप बराच जाड असेल, त्यातही काळजीचं काही नाही. कण टोचले, सुईसारख्या किसाच्या कडा लागल्या किंवा दाताचा तुकडा दिसला, तर एखादा दात किंवा बेअरिंग फुटतं आहे. तेल भरून गाडी सरळ चांगल्या मिस्त्रीकडे न्या आणि तो प्लग न पुसता दाखवा. टबातल्या तेलावर उन्हात पिवळी चमक दिसली तर ती पितळेची. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तेलातच बघायचं. थोडी चमक चालते. तेल ढवळल्यावर सोनेरी रंगच खेळू लागला, तर सिंक्रो रिंगा संपत आल्या आहेत.

निघालेलं तेल मापाच्या डब्यात ओतून मोजा. पुस्तकात दोन लिटर आणि निघालं सव्वा लिटर, तर कुठून तरी गळतं आहे. ते शोधल्याशिवाय नवं तेल भरून उपयोग नाही.

प्लग पुसून, नवा वॉशर लावून खालचा आधी हाताने फिरवत बसवा. हाताने तीनचार आटे सहज गेले पाहिजेत. अडलं तर काढून पुन्हा सरळ लावा. गिअरबॉक्सची खोळ अॅल्युमिनियमची असते. जबरदस्ती केली किंवा गच्च आवळला की तिचे आटे जातात, आणि वॉशरच्या किमतीचं काम खोळ बदलण्यापर्यंत पोचतं. पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर, टॉर्क पान्यानेच आवळा. असा पाना विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा. काही प्लगना वॉशर नसतो, त्यांच्या आट्यांना सीलंट लावायचं असतं, तेही पुस्तकात लिहिलेलं असतं.

भरायला हातपंप सगळ्यात सोयीचा. नसेल तर स्वच्छ नरसाळ्याला लांब पारदर्शक नळी जोडा, ती बॉनेटमधून खाली वरच्या प्लगच्या भोकात सोडा आणि वरून सावकाश ओता. थंडीत डबा थोडा वेळ उन्हात ठेवला तर तेल लवकर उतरतं. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेल भोकाच्या खालच्या काठाशी आलं की पातळी झाली. काठावरून पातळ धार ओघळायला लागेल, ती थेंबांवर येऊ द्या आणि प्लग बंद करा. काही गाड्यांत मात्र काठापर्यंत न भरता मोजून तेवढंच भरायचं असतं, म्हणून लिटरचा आकडा हाताशी असू द्या. जास्त भरलं तर तेलाला फेस येतो आणि ते सीलमधून बाहेर पडतं. कमी भरलं तर वरची बेअरिंगं कोरडी पडतात.

गाडी खाली घ्या, इंजिन सुरू करून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा, आठदहा किलोमीटर फिरून या. प्लगखाली कागद अंथरून रात्रभर ठेवा. तारीख, किलोमीटर आणि तेलाचं पूर्ण नाव सर्व्हिस बुकात लिहा, बिलं जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घेणं शहाणपणाचं.

पुरात गेलेली गाडी

२६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ च्या ऑगस्टमधलं कोल्हापूर-सांगली, २२ जुलै २०२१ चं चिपळूण. पाणी ओसरल्यावर या गावांत हजारो गाड्या चिखलात उभ्या होत्या. इंजिनची आणि सीटची काळजी सगळे करतात, गिअरबॉक्स मात्र राहून जातो. तो गाडीत सगळ्यात खाली असतो. तापलेली गाडी पाण्यात शिरली की गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत खेचलं जातं. बंद गाडी पाण्यात बुडून राहिली तरी पाणी हळूहळू शिरतंच.

चाकांच्या वर पाणी चढलं असेल तर गाडी सुरू करू नका, धक्का मारून तर नाहीच. आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. त्यांची पाहणी झाल्यावर, गाडी काही तास स्थिर उभी असताना, खालचा प्लग जरासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आधी पाणीच निथळेल. गाडी चालवली गेली असेल तर तेल-पाणी एकजीव होऊन चहात दूध घातल्यासारखा रंग येतो. असं तेल एकदा बदलून भागत नाही. नवं भरून थोडी गाडी चालवा, काढून बघा, रंग पुन्हा दुधाळ दिसला तर पुन्हा बदला. उशीर करू नका. ओल्या बेअरिंगवर गंज चढायला वेळ लागत नाही आणि त्याचा आवाज काही महिन्यांनी येतो, तेव्हा पुराशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

ऑटोमॅटिक असेल तर

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत एएमटी आली. तिच्या आत मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. गिअरबॉक्सचं तेल वर सांगितल्याप्रमाणेच बदलतं. यंत्राचं हायड्रॉलिक तेल मात्र वेगळं असतं, त्याच्या डबीतली पातळी बघा, पण ते उघडू नका.

सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक यांना घरी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं तेल दाब पोचवायचं कामही करतं. प्रत्येकाचं तेल ठरलेलं असतं आणि चुकीचं पडलं तर गिअरबॉक्सच जातो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत प्लग उघडून तेल जेमतेम अर्धं निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पातळीही अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना बघायची असते आणि ते तापमान स्कॅनरवर वाचावं लागतं. मालकाने करायचं ते एवढंच: जिथे डिपस्टिक आहे तिथे तेल बघा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक, तपकिरी आणि जळका वास असेल तर लगेच दाखवा. ‘हे तेल आयुष्यभराचं’ असं सांगितलं तर विसंबू नका. कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच तिच्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते.

जुनं तेल

टबात उरलेलं दोन लिटर तेल गटारात, नाल्यात, उकिरड्यावर ओतू नका. विहिरीच्या आसपासच्या मातीत तर मुळीच नाही. वाळवी लागू नये म्हणून दाराखिडक्यांना आणि गोठ्याच्या वाशांना ते फासायची पद्धत आहे, तीही सोडा. त्यातली धातूची पूड आणि रसायनं हाताला, जनावरांच्या तोंडाला लागतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते पुन्हा शुद्ध करणारे कारखाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने चालतात आणि मोठ्या वर्कशॉपमधून त्यांच्याकडे तेल जातं. नव्या तेलाचे रिकामे डबे टाकू नका. जुनं तेल त्यातच भरा, पाणी किंवा रॉकेल त्यात मिसळू देऊ नका, झाकण घट्ट लावा आणि पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला नेताना ते डबे वर्कशॉपमध्ये जमा करा.